बाळ यायच्या आधी घर लावायचंय, सेकंडहँड काय घ्यावं आणि काय अजिबात घेऊ नये?

धायरी_३०३

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय त्यामुळे लांबण लागली तर समजून घ्या.

मला सातवा महिना लागलाय. आत्तापर्यंत आम्ही फर्निश्ड फ्लॅटमध्ये भाड्याने होतो, मालकांनी तो विकायला काढला म्हणून आता पुण्यात धायरीला वन बीएचके घेतलाय, भाडं कमी आहे पण घर अगदी रिकामं आहे, पंखे आणि एक ट्यूबलाइट सोडली तर काही नाही. माझं काँट्रॅक्ट दोन महिन्यांपूर्वी संपलं आणि या अवस्थेत नवीन नोकरी कोण देणार, त्यामुळे सध्या नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर सगळं आहे. घर लावायला आम्ही पंचेचाळीस हजार बाजूला काढलेत, त्याच्या वर एक रुपया जाऊ द्यायचा नाही कारण डिलिव्हरीचे पैसे वेगळे ठेवलेत आणि त्यांना हात लावायचा नाही असं आमचं दोघांचं ठरलंय.

शोरूमला जाऊन आलो. फ्रीज, वॉशिंग मशीन, बेड, कपाट एवढं नुसतं जोडलं तर लाखाच्या पुढे गेलं. तिथला मुलगा सारखा झिरो डाऊनपेमेंट झिरो डाऊनपेमेंट करत होता, पण दोन हप्ते आधीच चालू आहेत, तिसरा नको वाटतो.

मग मी म्हटलं सेकंडहँड बघू. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, आमच्या घरात टेबलापासून सायकलपर्यंत सगळं कुणाचं तरी वापरलेलंच होतं आणि त्याचं कधी काही वाटलं नाही. पण इथे दोन अडचणी आहेत. एक म्हणजे सासूबाई (फलटणला असतात, पुढच्या महिन्यात माझ्यासाठी येणारेत) म्हणतात की पहिलं बाळ आहे, त्याला परक्याचं वापरलेलं काही नको, वस्तूबरोबर त्या घरचं काय काय येतं. त्या मनाने फार चांगल्या आहेत, मला त्यांना दुखवायचं नाहीये. आणि नवरा तोंडाने हो म्हणतो पण ऑफिसचे लोक बारशाला येतील तेव्हा काय म्हणतील हे त्याच्या डोक्यात आहे, ते मला कळतं.

दुसरं म्हणजे मला मशिनमधलं काही कळत नाही. परवा एका अ‍ॅपवर सात हजारात फ्रीज दिसला, फोन केला तर समोरचा म्हणाला आधी दोन हजार टोकन पाठवा मग पत्ता देतो, आणि आम्ही आमचा जुना मिक्सर विकायला टाकलाय त्यावर दुसऱ्या एकाने क्यूआर कोड पाठवला की हा स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील. मला काहीतरी गडबड वाटली म्हणून केलं नाही. बरोबर केलं ना?

तर काय जुनं चालेल, काय नवीनच घ्यावं, घेताना काय बघावं, आणि आईंना कसं समजावू? बाळाच्या सामानाबद्दल तर नक्की सांगा.

नाशिकची_मावशी

अगं सगळ्यात आधी तब्येतीला जप, आणि सामान बघायला जिने चढत फिरू नकोस, नवऱ्याला पाठव आणि त्याला व्हिडिओ काढून आणायला सांग.

आता सासूबाईंचं. तू त्यांना समजवायला जाऊच नकोस, तू त्यांना विचार. विचार की आई, यांचा जन्म झाला तेव्हा पहिलं झबलं कशाचं होतं? मी पैजेवर सांगते की ते जुन्या कपड्याचं होतं. आपल्याकडे बाळाला पहिले काही दिवस नवीन कोरं कापड घालतच नाहीत, आजीच्या नाहीतर आईच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचीच लंगोटं, दुपटी, झबली करतात, कितीतरी घरांत शेजारच्या गुटगुटीत बाळाचं झबलं मुद्दाम मागून आणतात की तशीच तब्येत आपल्या बाळाची होवो. नवीन कापडाला खळ असते, ती बाळाच्या कातडीला बोचते, हे त्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यामुळे परक्याचं नको हे त्यांचं म्हणणं आणि जुनं हवं हे तुझं म्हणणं यात मुळात भांडण नाहीये. कपडे घरातल्या साड्यांचे करा, फ्रीज कपाट बाहेरचं आणा. त्यांना फलटणहून येताना सांग की आई, तुमच्या चार-पाच जुन्या सुती साड्या घेऊन या, बाळासाठी दुपटी शिवायचीत. बघ कशा येतात त्या.

दुपट्याला दोनच पदर पुरे, कडेने दुमडून साधा धावदोरा. हिवाळ्यात बाळ थोडं मोठं झालं की मग छोटी गोधडी, त्याला तीन-चार साड्या आत घालायच्या, फाटक्या विटक्या चालतात, फक्त वरची आणि खालची चांगली हवी. टाके कडेपासून सुरू करायचे आणि फिरत फिरत आत यायचं म्हणजे आतलं कापड गोळा होत नाही. नायलॉनच्या, जॉर्जेटच्या साड्या यात अजिबात घालू नको, घाम शोषत नाहीत. त्या बोहारणीला दे, एखादं पातेलं मिळेल. माझ्याकडे तर अजून माझ्या सासूबाईंच्या लुगड्याची गोधडी आहे, माझी दोन्ही मुलं आणि आता नातू तिच्यावर लोळलाय, दोनदा वरचं कापड बदललं पण आतलं लुगडं तेच आहे, आणि कधीकधी मी नुसती तिच्यावर हात फिरवत बसते.

नात्यातल्या किंवा मैत्रिणीच्या मुलांचे कपडे मिळाले तर बिनधास्त घे, पहिल्या सहा महिन्यांचे कपडे मुलं दहा-बारा वेळा घालतात आणि आखूड होतात. गरम पाण्यात धू, दोन्ही बाजूंनी कडक ऊन दे. गळ्याशी नाडी असलेली झबली टोपडी असतील तर नाडी काढून टाक, सैल बटणं पक्की कर नाहीतर काढ.

भांड्यांचं म्हणशील तर बिडाचा तवा जुना मिळाला तर नवीन घेऊच नको. जुना तवा वापरून वापरून गुळगुळीत झालेला असतो, नवीन खरखरीत असतो, पहिले पंधरा दिवस डोसा चिकटतो. वरवर गंज असेल तरी घाबरू नको, तो घासून निघतो, फक्त तडा नाही ना ते बघ, बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा आवाज आला पाहिजे, बद्द वाजला तर ठेवून दे. पितळेचं पातेलं चांगलं पण आत कल्हई लावल्याशिवाय त्यात आंबट काही करायचं नाही, ताक नाही, चिंचेची आमटी नाही. कल्हईवाले आता दारावर क्वचित येतात पण पुण्यात तांबट आळीत विचार, तिथे नक्की कळेल. नॉनस्टिक मात्र जुनं कधीच नको, कोटिंग निघालेलं असतं.

कॉम्प्रेसर_हडपसर

ताई मी फ्रीज वॉशिंग मशीन रिपेअरचंच काम करतो एकोणीस वर्षं झाली. सांगतो ते नीट वाचा

फ्रीज बघायला जाताना आधी फोन करून सांगायचं की आदल्या रात्रीपासून चालू ठेवा. बंद फ्रीज बघून पैसे द्यायचे नाहीत, काहीही कारण सांगू दे. चालू असेल तर फ्रीजरमध्ये बर्फ आहे का, खाली भाजीच्या कप्प्यात हात घालून गार लागतंय का, मागे कॉम्प्रेसर खडखडतोय का ते बघायचं. दाराच्या रबरात शंभरची नोट अर्धी ठेवून दार लावा आणि नोट ओढा, सहज निघून आली तर रबर गेलं, रबर बदलता येतं पण तेवढे पैसे कमी करून घ्या. साध्या सिंगल डोअरमध्ये फ्रीजरच्या पत्र्यावर सुरीने बर्फ खरवडल्याच्या रेघा आहेत का ते टॉर्च मारून बघा. लोक सुरी घालतात, बारीक भोक पडतं, गॅस जातो, मग पॅच मारून विकतात. मागे कॉम्प्रेसरजवळच्या नळ्यांवर ताजं वेल्डिंग दिसलं तर समजायचं गॅस नुकताच भरलाय, का भरला ते विचारा. आणि लेबलवर आर ६००ए लिहिलं असेल तर तो गॅस पेट घेणारा आहे, पुढे कधी काम निघालं तर माहीतगार माणसाकडूनच करून घ्या.

आता खरी गोष्ट, वीज. दारावरच्या बीईईच्या (सरकारचं वीजबचतीचं खातं) लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते लिहिलेलं असतं. नुसते स्टार मोजू नका, स्टारचे निकष मधून मधून कडक करतात त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा पाच स्टार आणि आत्ताचा पाच स्टार एक नाही, लेबलवर वर्ष असतं ते बघा. समजा जुना साडेचारशे युनिट खातो आणि नवीन दोनशे, फरक अडीचशे. युनिटला सगळं धरून दहा रुपये लावले तरी वर्षाला अडीच हजार झाले. म्हणजे पाच हजारात घेतलेला जुना फ्रीज चार वर्षांत दहा हजाराची जास्तीची वीज खाईल आणि नव्याच्याच किमतीला येऊन बसेल. म्हणून फ्रीज घ्यायचा तर चार-पाच वर्षांच्या आतला घ्या, बदली झालेल्या माणसाकडून घ्या, बिल मागा. पंधरा वर्षांचा फ्रीज कुणी फुकट दिला तरी मी घरच्या माणसाला घेऊ देत नाही.

वॉशिंग मशीन सेमी ऑटोमॅटिक घ्या. दोन टब, दोन मोटर, टायमर, बास, पार्ट कुठेही मिळतात आणि कुठलाही मेकॅनिक करतो. तुमच्याकडे बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असणार, क्षारांनी ऑटोमॅटिकचे व्हॉल्व्ह जाम होतात. सुकवायच्या टबात ओले कपडे टाकून फिरवून बघा, झाकण उघडल्यावर टब लगेच थांबला पाहिजे, थांबत नसेल तर ब्रेक गेलाय, लहान मूल असलेल्या घरात ते चालणार नाही, आधी दुरुस्त करा. फ्रंट लोड जुनं घेऊ नका, स्पिनला विमानासारखा आवाज आला की बेअरिंग गेलं आणि त्याचा खर्च ऐकून माणूस मशीन सोडून देतो.

आणताना फ्रीज उभाच आणा. टेम्पोवाल्याने आडवा टाकला तर घरी आल्यावर चार-सहा तास उभा ठेवा, लगेच बटण दाबू नका

धायरी_३०३

मावशी तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच. माझ्या आईच्या साड्या पण मी मागवते. आणि दादा, युनिटचा हिशोब मला कुणीच सांगितला नव्हता, आम्ही नुसती किंमत बघत होतो, तो सात हजारवाला फ्रीज २०११ चा होता.

पाळण्याबद्दल कुणी सांगेल का? शेजारच्या सोसायटीत एक जुना लाकडी पाळणा देतायत, लाल हिरव्या रंगाचा आहे, फार सुंदर आहे दिसायला, पण खूप जुना आहे.

हप्ता_परवडतो

माझं मत वेगळं आहे. नो कॉस्ट ईएमआयवर नवीन घ्या, वॉरंटी मिळते, बाळ लहान असताना मशीन बंद पडलं तर जुन्याच्या मागे कोण धावणार? आम्ही तेच केलं आणि काही त्रास झाला नाही. घर एकदाच लागतं.

एक_बाबा

वरच्यांचा मुद्दा वॉरंटीपुरता पटतो, पण ताईंनी स्पष्ट लिहिलंय की दोन हप्ते चालू आहेत आणि एकच पगार आहे. नो कॉस्टमध्ये पण बऱ्याचदा प्रोसेसिंग फी असते आणि रोखीवर मिळणारं डिस्काउंट जातं. एक हप्ता चुकला की दंड वेगळा. बाळ आल्यावर पहिल्या वर्षात कुठला खर्च कधी उभा राहील सांगता येत नाही, आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात कावीळ वाढली म्हणून चार दिवस ॲडमिट करावं लागलं होतं, तेव्हा हातात रोख होती हेच फार मोठं वाटलं.

पाळण्याचं सांगतो कारण मी यात बरंच वाचन केलंय. जुना रंगवलेला पाळणा असेल तर थांबा. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं बरंच जास्त असू शकतं, खास करून लाल पिवळ्या हिरव्या चकचकीत ऑइलपेंटमध्ये. बाळ सहाव्या-सातव्या महिन्यात कठडा चावतं आणि ते पोटात जातं. आणि तो रंग घरी घासून काढायला जाऊ नका, विशेषतः तुम्ही या दिवसांत तर अजिबात नाही, ती धूळच सगळ्यात वाईट. बिनरंगाचा साधा सागवानी किंवा लोखंडी पाळणा मिळत असेल तर चांगला. गजांमधून बाळाचं डोकं जाईल इतकी फट नको, कड्या आणि साखळ्या झिजल्यात का ते बघा, झोका देताना सगळा भार त्या एका कडीवर येतो.

फर्निचर मी जवळजवळ सगळं जुनं घेतलंय. पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत कुंभारवेशीजवळ रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे हत्यारं, नळ, कुलपं, पितळी भांडी, शिलाई मशीनचे पार्ट असलं खूप मिळतं, पण मोबाइल किंवा इलेक्ट्रिकचं काही मी तिथून घेत नाही, चोरीचं आहे का चालतंय का काही कळत नाही. मोबाइल जुना घ्यायचाच असेल तर *#०६# दाबून आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर) बघायचा आणि सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर तो तपासायचा. बेड कपाट मात्र घरातूनच घ्यावं, माणूस बघून. जुनं सागवान भारी पडतं उचलायला पण सांधे घट्ट असतील तर अजून दोन पिढ्या चालतं. भुश्याचं दाबून केलेलं फर्निचर एकदा सोडवून परत जोडलं की स्क्रू धरत नाही, ते जुनं घेऊ नका, फुकट पण नको. लोखंडी कपाट घ्या, दोन्ही किल्ल्या आहेत का आणि आतल्या लॉकरची किल्ली आहे का ते तिथेच उघडून बंद करून बघा.

आणि ढेकूण. हे मी कळकळीने सांगतो. लग्नानंतर आम्ही एक दिवाण आणला, गादीसकट, दिसायला एकदम छान. आठ दिवसांत बायकोच्या हातावर गांधी, आम्हाला वाटलं डास. मग एका रात्री टॉर्च लावला तर दिवाणाच्या फटीत रांगा होत्या. चार महिने लागले घर साफ व्हायला, उकळतं पाणी, औषध, सगळे कपडे उन्हात, बायकोला झोप नाही, तिच्या माहेरी सांगायची लाज, फार वाईट दिवस होते ते. तेव्हापासून नियम केला की गादी, उशी, सोफा, कापड लावलेलं काहीही दुसऱ्याचं घरात येणार नाही. लाकडी वस्तू आली तरी आधी गॅलरीत ठेवायची, फटींमधून, स्क्रूच्या भोकांतून जुनं एटीएम कार्ड फिरवायचं, काळे ठिपके दिसले की परत. ताई, गादी नवीन कापसाची भरून घ्या, ओळखीचा पिंजारी असेल तर उत्तम.

क्यूआर कोडचं तुम्ही अगदी बरोबर केलं. यूपीआयवर पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही आणि काही स्कॅन करावं लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमच्या खात्यातून जाणार. टोकन पण वस्तू बघितल्याशिवाय नाही.

प्रेशर कुकर जुना असेल तर तळ फुगलाय का ते सपाट ओट्यावर ठेवून बघा, डुगडुगला तर मोडीत द्या. तळ ठीक असेल तर रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवीन, त्याच कंपनीचे टाका, बोहरी आळीत मिळतात. गॅसची शेगडी जुनी चालेल पण नळी नवीन आयएसआयचीच, आणि तिच्यावर तारीख असते, पाच वर्षांनी बदलायची. हेल्मेट जुनं नाही, कधीच नाही.

लातूर_ते_म्युनिक

मी सहा वर्षं जर्मनीत आहे म्हणून लाजेबद्दल थोडं लिहिते, कारण तुमच्या नवऱ्याच्या मनात जे आहे तेच माझ्या मनात होतं.

इथे आलो तेव्हा मला वाटलं होतं की आता सगळं नवीन घेऊ, परदेशात आलोय. पहिल्याच महिन्यात नवऱ्याच्या ऑफिसातला एक सीनियर, चांगला मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, त्याने आम्हाला त्याच्या मुलीचं जुनं टेबल आणि खुर्ची आणून दिली, स्वतः गाडीत घालून, स्वतः स्क्रू लावून दिले. मग कळलं की इथे ही रोजची गोष्ट आहे. लोक घराबाहेर खोक्यात कप, पुस्तकं, खेळणी ठेवतात आणि वर चिठ्ठी लावतात, घेऊन जा. म्युनिकच्या महापालिकेच्या कचरा खात्याचंच एक सेकंडहँड दुकान आहे, हाले त्स्वाय म्हणजे दोन नंबरचा हॉल, लोकांनी कचरा केंद्रावर आणून दिलेल्या वस्तूंमधल्या चांगल्या वस्तू तिथे विकतात, सायकली, भांडी, फर्निचर, सगळं. वसंतात थेरेसियनवीजवर, जिथे ऑक्टोबरफेस्ट होतो त्याच मैदानावर, एक दिवसाचा मोठा जुना बाजार भरतो आणि भल्या पहाटे लोक टॉर्च घेऊन जातात. माझ्या मुलाची बाबागाडी, उंच खुर्ची, स्वेटर, सगळं तिसऱ्या चौथ्या हाताचं आहे, आणि आता मी ते पुढे दिलंय.

मग मला माझी आजी आठवली लातूरची, ती पण हेच करायची, फक्त तिथे आम्ही त्याला गरिबी म्हणत होतो. खरं सांगते, त्या दिवशी आजीची फार आठवण आली आणि वाईट वाटलं की आम्ही तिला सारखं म्हणायचो, आजी टाकून दे ना ते.

बाळासाठी एक गोष्ट मात्र मी पण नवीनच घेतली, कारची सीट. जुन्या सीटला आधी अपघातात मार बसलाय का ते वरून दिसत नाही. तुमच्याकडे गाडी नसेल तर प्रश्नच नाही. आणि ब्रेस्ट पंप दुसऱ्याचा वापरू नका, आतल्या नळीत दूध गेलेलं असतं आणि ते नीट साफ होत नाही.

नाशिकची_मावशी

लातूर ताई, आजीचं वाचून मन भरून आलं. जवळचं माणूस गेल्यावरच त्याच्या हातच्या वस्तूंची किंमत कळते बघ.

धायरी_३०३

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वीस दिवसांनी लिहितेय, काय काय झालं ते सांगते.

वॉशिंग मशीन मिळालं, सेमी ऑटोमॅटिक, साडेतीन हजार, नऱ्ह्याच्या एका काकूंकडून, त्यांच्या मुलाने नवीन घेतलं म्हणून दिलं. ब्रेक झाकण उघडून तीनदा बघितला, काकूंनी पण हसत बघू दिला. लोखंडी कपाट सहा हजार, किल्ल्या तिन्ही आहेत. बेडचा सांगाडा सागवानी, अजून गॅलरीतच आहे, नवऱ्याने प्रत्येक फटीत कार्ड फिरवलं आणि व्हिडिओ काढून मला दाखवला. गादी नवीन भरायला टाकलीय. लाल हिरवा पाळणा नाही घेतला, जीव होता त्याच्यात पण नाही घेतला. नणंदेच्या सासरी माळ्यावर एक बिनरंगी पाळणा निघाला, तो दोन नवीन कड्या टाकून येतोय. आत्तापर्यंत साडेअठरा हजार झाले, फ्रीज बाकी आहे, हिंजवडीच्या एका जोडप्याची बदली झालीय, त्यांचा २०२२ चा आहे, बिल आहे, लेबलवर १९८ युनिट लिहिलंय, रविवारी सकाळी बघायला जायचंय आणि शनिवारी रात्रीपासून चालू ठेवा असं सांगून ठेवलंय.

आणि आई आल्या. मी मावशींनी सांगितलं तसंच केलं, फोनवर विचारलं की यांचं पहिलं झबलं कशाचं होतं. पलीकडे जरा वेळ शांतता, मग म्हणाल्या की माझ्या आईच्या अंजिरी लुगड्याचं, आणि मग अर्धा तास त्या फक्त त्या लुगड्याबद्दल बोलत होत्या. येताना पिशवीभर साड्या आणल्यात आणि त्या अंजिरी लुगड्याचा हातभर तुकडा पण, इतकी वर्षं ट्रंकेत होता. आता दुपारभर खिडकीशी बसून शिवतात, चार दुपटी झाली, तो तुकडा पाचव्याच्या मधोमध लावणार आहेत. मशीनबद्दल त्यांनी फक्त एवढंच विचारलं की कुणाचं होतं, मी काकूंचं नाव गाव सांगितलं, तर म्हणाल्या बारशाला त्यांना पण बोलाव. नवरा बाजूलाच उभा होता, तो म्हणाला बोलावू.

मावशी, अजून एक विचारायचंय. आईंना जुन्या भांड्यांच्या दुकानात एक बिडाचा तवा मिळाला, टिचकी मारली तर छान वाजतो, पण गंज आहे बराच. कसा काढू आणि पहिल्यांदा काय करू त्याच्यावर?

नाशिकची_मावशी

अगं किती छान बातमी दिलीस. दुपट्याचा फोटो टाक नक्की.

तवा तू घासू नको, नवऱ्याला दे. नारळाच्या शेंड्या आणि बारीक वाळू, नाहीतर जाडं मीठ घेऊन कोरडाच घासायचा, गंज सगळा निघेपर्यंत, मग धुऊन लगेच शेगडीवर ठेवून पूर्ण कोरडा करायचा, ओला एक मिनिट ठेवलास तरी परत लाल होतो. मग तेलाचा अगदी पातळ हात, मंद आचेवर धूर येईपर्यंत तापवायचा, गार होऊ द्यायचा, परत तेल, असं तीन-चारदा. त्यानंतर अर्धा कांदा काट्याला टोचून तापलेल्या तव्यावर तेलात घोळवत घोळवत सगळीकडे चोळ, कांदा काळा होईल, तो टाकून दे, दुसरा अर्धा घे. पहिल्या दिवशी आंबोळ्या करू नको, धिरडी कर, बेसनाची, जरा जास्त तेलावर. पहिली दोन चिकटतील, तिसऱ्याला सुटेल.